दीर्घकाळ आमदार राहिलेल्या नेत्याची कारकीर्द कशी अभ्यासावी

सुरुवात गौरवग्रंथांऐवजी निवडणूक आयोगाच्या मतदारसंघनिहाय निकालांपासून करावी. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यातून १९६२ ते २०१४ या काळात ११ वेळा निवडून आले. परंतु १९७२ आणि १९९५ मधील पराभव व १९७४ ची पोटनिवडणूक ध्यानात घेतल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही. त्यानंतर विधिमंडळाच्या कार्यवाहीचे खंड काढून तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना आणि अर्थसंकल्पावरील भाषणे वर्षवार टिपावीत, कारण अवर्षणप्रवण तालुक्याच्या प्रतिनिधीची खरी ओळख पाण्यासाठी केलेल्या पाठपुराव्यातच सापडते. मंत्रिपदांना एक-दोन ओळी पुरेत. देशमुखांनी उभारलेल्या सांगोल्याच्या सहकारी सूतगिरणीसाठी मात्र स्वतंत्र टिपण ठेवावे आणि जमल्यास तिचे जुने वार्षिक अहवाल मिळवावेत.