ब्रेक लागत नाहीत? मास्टर सिलिंडर मागवायच्या आधी हे वाचा

जुन्या एमजीबीचे, म्हणजे एमजीच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे, ब्रेक नीट लागत नाहीत असं कुणी सांगितलं की पुढचं वाक्य मला तोंडपाठ असतं: "मास्टर सिलिंडर मागवलाय." (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग तो.) का, असं विचारलं की उत्तर नसतं. ही गाडी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनली आणि तिचे बहुतेक पार्ट तिथे आजही नवे मिळतात. पार्ट सहज मिळतो म्हणून दोष शोधायचे कष्ट कुणी घेत नाही, याची मला खरोखर चीड येते.

आधी पाय काय सांगतोय ते ऐका. पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही? मग ब्रेक ऑइलमध्ये हवा नाही. पॅड चकाकलेत, पिस्टन जाम आहेत, ड्रममधल्या लायनरवर (घर्षणाच्या थरावर) तेल आलंय किंवा सर्वो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) गेलाय. पेडल मऊ लागतं? हवा आहे, नाहीतर जुना होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) दाबाखाली फुगतोय. पहिल्यांदा खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतं? बहुतेक वेळा मागचे ड्रम ॲडजस्ट करायचे राहिलेत. पाय स्थिर ठेवल्यावर हळूहळू खाली बसत जातं आणि बाहेर कुठेच गळती नाही? तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्या. त्याआधी नाही.

सुरुवातीच्या गाड्यांना सर्वो नव्हता, हेही लक्षात असू द्या. रोज आजची गाडी चालवणाऱ्याला त्यांचे ब्रेक कमजोरच वाटणार. पुढे डिस्क, मागे 10 इंची ड्रम, आणि सगळं ठीक असेल तर गाडी व्यवस्थित थांबते. पायाला जोर मात्र लावावा लागतो. सर्वो असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर सर्वो काम करतोय.

आता हवा काढण्याबद्दल. ओळखीतल्या एकाने पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) घरीच बदलले आणि तेव्हापासून पेडल मऊच राहिलं. मास्टर सिलिंडर नवा घातला, तरी तेच. बायको पेडलवर, हा चाकाशी, आणि ब्रेक ऑइलच्या बाटल्यांमागून बाटल्या संपत होत्या. शेवटी सर्वोचं किट मागवायच्या बेतात होता, तेव्हा मला बोलावलं. मी स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे बॅटरी मारली. ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायचं तोंड, कॅलिपरच्या खालच्या अंगाला! डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलेला. बोल्ट बसतात, पाइप जुळतो, म्हणून शंका येत नाही. पण हवा वरच्या बाजूला जमते, आणि निपल खाली असेल तर कितीही ऑइल काढा, तो बुडबुडा जागचा हलत नाही. कॅलिपर अदलाबदल केले, एकदा नीट हवा काढली आणि पेडल वर येऊन कडक झालं. सर्वोने पायाचा जोर वाढला असता; हवा आत तशीच राहिली असती. त्यामुळे निपल वरच आहे ना, हे मी पाना हातात घ्यायच्या आधी बघतो.

कॅलिपर ठीक असतील तर मी होज चिमटून बघतो. या गाडीला तीन रबरी होज: पुढे दोन, मागच्या ॲक्सलला एक. बोथट तोंडाच्या क्लॅम्पने तिन्ही दाबा. पेडल कडक झालं तर मास्टर सिलिंडर निर्दोष. मग एकेक सोडा. ज्यावर पेडल खाली जाईल, दोष त्या बाजूला. दात असलेली पकड लावून होज चिरडू नका. आणि होज वर्षानुवर्षांचे असतील तर या तपासणीनंतर ते बदलाच. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून सुजून बंद होतो: ब्रेक लागतो पण सुटत नाही, आणि गाडी एका बाजूला ओढते.

मागचे ड्रम सगळ्यात दुर्लक्षित. हँडब्रेक पूर्ण सोडा, बॅकप्लेटवरचा चौकोनी ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवा, पेडल एकदा जोरात दाबा म्हणजे शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या, लायनर लावलेल्या पट्ट्या) मध्यावर येतील, मग चाक मोकळं फिरेपर्यंत एक-दोन क्लिक मागे घ्या. नेमक्या मापाचाच पाना लावा, साध्या पान्याने त्याचे कोपरे झिजतात. ड्रम काढलाच आहे तर व्हील सिलिंडरच्या (शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) रबरी टोपीची कड उचलून बघा. ओलं असेल तर ब्रेक ऑइल गळतंय. लायनरवर उग्र वासाचं काळपट तेल असेल तर ॲक्सलचा सील गेलाय. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत घालायचा शॉर्टकट करू नका. ते गरम झाले की तेल पुन्हा बाहेर येतं.

पेडलच्या मागचा पुशरॉड (मास्टर सिलिंडर ढकलणारा दांडा) ताणून बसवू नका, किंचित मोकळीक लागतेच. नाहीतर ब्रेक धरून राहतात. रेसिंगचे पॅड रस्त्यावर थंड असताना पकडत नाहीत, पैसे वाया. ब्रेक ऑइलच्या प्रकारांपैकी डॉट 5 सिलिकॉन आहे आणि डॉट 5.1 ग्लायकोल, दोन्ही मिसळू नका. डॉट 4 हवेतला ओलावा शोषतं: नव्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, ओलसर झाल्यावर 155 पर्यंत येऊ शकतो. म्हणून मी दर दोन वर्षांनी ऑइल बदलतो आणि उघडी राहिलेली बाटली वापरत नाही.

ब्रिटनमध्ये मे 2018 पासून 40 वर्षांहून जुन्या, फारशा न बदललेल्या गाड्यांना एमओटी या वार्षिक सुरक्षा तपासणीची सक्ती नाही. त्यामुळे अनेक गाड्यांचे ब्रेक वर्षानुवर्षं कुणी मोजतच नाही. स्वतःहून जा. रोलर टेस्टरवर, म्हणजे ब्रेकचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक चाकाचा आकडा वेगळा मिळतो. डाव्या-उजव्यात मोठा फरक दिसला तर ज्याचा आकडा कमी, ते चाक आधी उघडा.