व्हँकूवरच्या वर्षावनात हिवाळ्यात कुत्र्याला घेऊन जाताना

नोव्हेंबर लागला की व्हँकूवर परिसरात नव्याने आलेली आपली बरीच मंडळी घराची दारे लावून घेतात आणि कुत्र्याला इमारतीभोवती एक चक्कर मारून आणण्यात समाधान मानतात. मला हे पटत नाही. इथले किनारी वर्षावन हिवाळ्यातच पाहावे, कारण शेवाळाने मढलेले मेपल, कमरेएवढे वाढलेले नेचे आणि उंच रेड सिडार कोरड्या ऑगस्टमध्ये इतके टवटवीत कधीच दिसत नाहीत.

कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्यांना पावसाची भीती वाटत नाही, आणि नॉर्थ व्हँकूवरच्या डोंगरउतारांवर वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हा आकडाही त्यांच्या ओळखीचाच असतो. मात्र हा पाऊस मुख्यतः हिवाळ्यात, चार-पाच अंश तापमानात पडतो. भिजलेली जीन्स अंगातली ऊब झपाट्याने काढून घेते, म्हणून आत लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे कपडे आणि वर पाणी न शिरणारे जाकीट घालावे. आखूड केसांच्या कुत्र्यालाही जाकीट हवे.

सुरुवात विद्यापीठाजवळच्या पॅसिफिक स्पिरिट उद्यानापासून करावी. तिथल्या वाटा बऱ्याचशा सपाट आहेत, आणि कोणत्या वाटेवर कुत्रा मोकळा सोडता येतो ते फलकांवर लिहिलेले असते. लिन कॅन्यनच्या निसरड्या कड्यांवर नंतर जावे, आणि तिथे पट्टा हातातून सोडू नये.

डिसेंबरमध्ये सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो आणि दाट झाडीत अंधार त्याच्याही आधी होतो, म्हणून दोन वाजता, कुठेही असलात तरी, मागे फिरावे आणि डोक्याला बांधायचा दिवा जवळ ठेवावा. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी तर जाऊच नये. पाण्याने मऊ झालेल्या जमिनीतून मोठी झाडेही उन्मळतात. डिसेंबर 2006 च्या वादळात एकट्या स्टॅन्ले पार्कमध्ये सुमारे 10,000 झाडे पडली होती.

आता सर्वांत महत्त्वाचे. शरदाच्या अखेरीस आणि हिवाळ्याच्या आरंभी सॅल्मन मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांत चढतात आणि तिथेच मरतात. अस्वले ते ओढून झाडीत नेतात, त्यामुळे जंगलाला खत मिळते हे खरे, पण कुजका मासा पाण्यापासून बराच दूर, वाटेच्या कडेलाही पडलेला असू शकतो. या माशांत एक सूक्ष्म चपटा कृमी असतो आणि त्या कृमीत असलेला जिवाणू कुत्र्यासाठी घातक ठरतो. साधारण आठवड्याभरात ताप, उलट्या व जुलाब सुरू होतात, कुत्रा अन्न सोडतो, आणि उपचार न झाल्यास बहुतेक कुत्रे दगावतात. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने ‘अस्वले खातात, मग याला काय होणार’ असे म्हणून दुर्लक्ष केले आणि पुढे पशुवैद्याकडे महिन्याच्या घरभाड्याहून अधिक रक्कम भरली. कुत्रा वाचला तो केवळ वेळेवर प्रतिजैविके मिळाल्यामुळे. म्हणून ओढ्याच्या आसपास पट्टा आखूड धरावा, ‘सोड’ ही आज्ञा घरीच पक्की करून घ्यावी, आणि कुत्र्याने मासा तोंडात घेतल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याला ते स्पष्ट सांगावे. कच्चा मासा खाल्ला हे न सांगितल्याने निदानाला उशीर होतो.

इथली माणसे हसून वाट देतात, पण तुमची चूक सहसा दाखवत नाहीत, त्यामुळे विचारण्याची जबाबदारी तुमच्यावरच असते. आपल्या मंडळींचे मोठे गट वाटेवर बसून चिवडा खातात आणि प्रेमाने दुसऱ्यांच्या कुत्र्यांनाही देतात. त्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, तेव्हा हे कृपया थांबवावे.

वाट चुकलीच तर उतारावरून ओढ्याकडे उतरू नये, आहे तिथे थांबून 911 ला फोन करावा. नॉर्थ शोअर रेस्क्यू या पथकातील स्वयंसेवक शोधासाठी पैसे आकारत नाहीत, तरीही खर्चाच्या भीतीने आपली माणसे अंधार पडेपर्यंत फोन करत नाहीत. बॅटरी शिल्लक असतानाच फोन करावा.