फॅन्सी गोल्डफिशला उघड्यावरचे तळे मानवेल का?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण 'फॅन्सी', म्हणजे माणसाने निवडून घडवलेल्या रूपाचे गोल्डफिश, या एकाच नावाखाली शरीरबांधणीने अगदी निरनिराळे मासे येतात. फॅनटेल, र्‍युकिन आणि ब्लॅक मूर हे त्यातल्या त्यात काटक प्रकार सौम्य हवामानात, त्यांच्यासाठीच बांधलेल्या तळ्यात, वर्षातील काही महिने सुखाने राहतात. ओरांडा, रांचू आणि पर्लस्केल यांना बाहेर ठेवायचे असेल तर रोज बारीक लक्ष देण्याची तयारी हवी. बबल आय आणि सेलेस्टियल या दोन प्रकारांना मात्र बाहेर ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बबल आयच्या डोळ्यांखालच्या द्रवाने भरलेल्या पातळ पिशव्या एखाद्या दगडाच्या कडेने किंवा काटक्यांनी फाटू शकतात, आणि सेलेस्टियलचे डोळे कायम वर वळलेले असल्याने त्याला समोरचे अन्नसुद्धा नीट दिसत नाही.

हा नाजूकपणा कुठून आला, हे समजले की पुढच्या बऱ्याच सूचना आपोआप पटतात. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९) सोनेरी रंगाचे मासे तळ्यांत पाळले जात, आणि ते लांबट अंगाचे, एकेरी शेपटीचे, चपळ होते. पुढे मिंग राजवटीच्या काळात (१३६८–१६४४) ते मोठ्या प्रमाणावर कुंड्यांत आणि भांड्यांत पाळले जाऊ लागले. तेथे ना शत्रू होता, ना अन्नासाठी स्पर्धा, त्यामुळे दुहेरी शेपटी, आखूड धड, बटबटीत डोळे अशी उघड्यावर टिकली नसती ती रूपे माणसाने निवडून जपली. म्हणून फॅन्सी मासा तळ्यात सोडताना, ज्या जगातून त्याला मुद्दाम बाहेर काढले गेले त्याच जगात आपण त्याला परत पाठवत असतो, आणि त्या जगातील धोके त्याच्या वतीने दूर करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. जपानमध्ये रांचू हे मासे पूर्वापार उघड्यावरील उथळ टाक्यांत वाढवले जातात, हे उदाहरण अनेकदा दिले जाते आणि ते खरेही आहे. परंतु त्या टाक्यांत दगड, गुहा, कारंजी असे काही नसते, पाणी वेळोवेळी बदलले जाते आणि पाळणारा रोज वरून प्रत्येक मासा न्याहाळतो. त्या पद्धतीत शोभेच्या तळ्यासारखे काहीच नाही.

सर्वप्रथम सोबत्यांचा विचार करावा. कॉमेट, शुबुनकिन आणि साधे गोल्डफिश हे लांबट अंगाचे, एकेरी शेपटीचे मासे फॅन्सी माशांचेच भाऊबंद असले तरी एकाच तळ्यात राहण्यासाठी ते योग्य नव्हेत. दाणे पाण्यात पडताच ते तीरासारखे येतात आणि डुलत डुलत येणाऱ्या ओरांडाला उरलेसुरलेच मिळते. विणीच्या दिवसांत तर हे चपळ नर फॅन्सी माद्यांचा दिवसभर पाठलाग करून त्यांना अक्षरशः दमवून टाकतात. कोई, म्हणजे शोभेच्या मोठ्या कार्प माशांबरोबर ठेवण्याचा प्रश्नच येऊ नये. तळे आधीपासून अशा माशांनी भरलेले असेल आणि तरीही दुहेरी शेपटीचा मोह आवरत नसेल, तर वाकिन हा प्रकार निवडावा. त्याची शेपटी दुहेरी असली तरी धड लांबट असते आणि तो इतरांच्या बरोबरीने पोहतो.

तळ्याच्या आकाराबद्दल बोलताना बहुतेक जण खोलीवर भर देतात, पण फॅन्सी माशांसाठी मला पाण्याचा एकूण साठा अधिक महत्त्वाचा वाटतो. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल अशा तळ्यात १५०० लिटर पाणी मावते, आणि एवढ्या पाण्यात सात-आठ मासे ही मर्यादा मी ओलांडणार नाही. पाण्याचा साठा जितका मोठा, तितके ते हळू तापते आणि हळू निवते. आखूड धडाच्या माशांना दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठा चढउतार सर्वांत जास्त बाधतो, कारण त्यांच्या धडात आतडे आणि वाताशय (तोल सांभाळणारी हवेची पिशवी) आधीच दाटीवाटीने बसलेले असतात. पचन बिघडले की तोल जातो आणि मासा कलंडून तरंगू लागतो. त्यामुळे मासे सोडण्यापूर्वी किमान एक आठवडा पहाटे आणि दुपारी, तळाजवळच्या पाण्याचे तापमान मोजून लिहून ठेवावे. या माशांना साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस पाणी मानवते. पहाटेचे तापमान १५ अंशांच्या खाली उतरत नसेल, दुपारचे २८ अंशांच्या वर जात नसेल आणि दोहोंतील फरक चार-पाच अंशांच्या आत असेल, तरच पुढे जावे.

उन्हाळ्यात धोका केवळ उष्णतेचा नसतो. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी: १० अंशांवर एका लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांवर जेमतेम ७.५ मिलिग्रॅम. त्यातच शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडत असल्या तरी रात्री त्याच तो वापरतात, म्हणून सर्वांत बिकट वेळ पहाटेची असते. सूर्योदयापूर्वी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर त्यांना भूक लागली आहे असे समजून दाणे टाकणे ही मोठी चूक ठरते. हवेचा पंप रात्रभर चालू ठेवावा आणि तळ्याचा निम्मा भाग दुपारच्या उन्हात सावलीत राहील अशी सोय करावी. संपूर्ण सावलीही नको. ऊन मिळाल्याने माशांचे रंग गडद होतात, हा बाहेर ठेवण्याचा एक खरा लाभ आहे.

तळ्याच्या आतील बाजूस धारदार दगड, खरबरीत सिमेंटच्या कडा किंवा अरुंद कपारी नसाव्यात. गाळणयंत्र एक ते दोन तासांत सर्व पाणी एकदा फिरवेल इतक्या क्षमतेचे असावे, मात्र त्यातून परत येणारे पाणी एकाच जोरदार धारेने न सोडता भोके पाडलेल्या नळीतून पसरवून सोडावे. प्रवाहाविरुद्ध दिवसभर पोहणे र्‍युकिनच्या आवाक्याबाहेरचे असते. पंपाच्या तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर लांब शेपटी त्यात ओढली जाते. नवीन तळ्यात माशांच्या उत्सर्गातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट या दोन्हींची चाचणी शून्य दाखवेपर्यंत मासे सोडू नयेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पाणी उघडे ठेवल्याने उडून जातो, परंतु काही ठिकाणी वापरला जाणारा क्लोरामाइन तसा जात नाही, म्हणून क्लोरीन निवारक द्रव वापरणेच सुरक्षित.

पावसाकडे दुर्लक्ष होते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. तळ्याचा काठ जमिनीपासून निदान २० सेंटिमीटर उंच असावा, अन्यथा आजूबाजूच्या मातीतील खत आणि कीटकनाशक वाहून पाण्यात येते. जादा पाणी जाण्यासाठी वरच्या कडेला जाळी लावलेला पाइप बसवावा. तळे काठोकाठ भरून वाहू लागले की मंद पोहणारे मासे प्रवाहाबरोबर सहज बाहेर जातात. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे दीर्घ पावसाने तळ्यातील पाण्याची आम्लता रोखण्याची शक्ती घटते आणि पीएच एकाएकी कोसळू शकतो. पावसाळी दिवसांत पीएच आणि कार्बोनेट कठीणता (आम्लता रोखण्याच्या याच शक्तीचे माप) आठवड्यातून दोनदा तपासावी; फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा भरलेली पिशवी ठेवल्यास ही घट बरीच सावरते.

पाणी भरण्याच्याही आधी जाळीची तरतूद करावी. बगळा, खंड्या, कावळा आणि मांजर यांना फॅन्सी मासा म्हणजे आयती शिकार, कारण तो ठळक रंगाचा असतो, पृष्ठभागाजवळ रेंगाळतो आणि त्याला पळता येत नाही. जाळी पाण्यावर सैल टाकू नये. चौकटीवर ताणून पाण्यापासून १५ ते २० सेंटिमीटर उंच बसवावी, नाहीतर बगळा तिच्यातूनच चोच मारतो. चतुराच्या अळ्या मोठ्या माशांना काही करत नाहीत, पण अंडी आणि पिल्ले फस्त करतात.

मासे आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच तळ्यात न्यावेत. आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातील फरक दोन अंशांपेक्षा कमी असेल असा दिवस निवडावा. मासा हातजाळीने उचलू नये, कारण डोळे, खवले आणि डोक्यावरचा मांसल मुकुट जाळीत अडकून दुखावतो. त्याला पाण्यासकट वाडग्यात घ्यावे.

दाणे बुडणारे असावेत आणि देण्याआधी थोडा वेळ भिजवावेत, जेणेकरून मासा पृष्ठभागावरची हवा गिळणार नाही. एका वेळी दोन मिनिटांत संपतील एवढेच द्यावेत. पाणी १५ अंशांखाली गेले की प्रमाण निम्म्यावर आणावे आणि १० अंशांखाली अन्न पूर्ण बंद करावे, कारण अशा थंडीत आतड्यातील अन्न पचत नाही.

घरातील काचेच्या टाकीत मासा बाजूने दिसतो, तळ्यात फक्त वरून दिसतो, आणि आजार बहुधा येथेच नजरेतून सुटतो. गडद तळाच्या तळ्यात ब्लॅक मूर तर दिसतच नाही. म्हणून तळ फिकट रंगाचा असलेला बरा. रोज एकाच जागी दाणे घालून सर्व मासे तेथे जमवावेत आणि मोजावेत. वरून पाहताना पोटाची एक बाजू जास्त फुगलेली आहे का, खवले उभे राहून देवदाराच्या फळासारखे दिसतात का, अंगाला दोऱ्यासारखा किडा किंवा चपट्या, पारदर्शक टिकलीसारखी माशांची ऊ चिकटली आहे का, हे पाहावे. परजीवी बऱ्याचदा नव्या पाणवनस्पतींबरोबर येतात, त्यामुळे त्याही वेगळ्या ठेवून मगच लावाव्यात. आजारी मासा बाहेर काढून वेगळ्या टबात उपचार करावेत. एका लिटरला तीन ग्रॅम मीठ माशाला सोसते, पण सगळ्या तळ्यात टाकल्यास वनस्पती मरतात.

तळ्यात वीण झाली आणि पिल्ले वाढली, तर त्यांतील अनेक पालकांसारखी दिसणार नाहीत, त्यामुळे त्यांची निवड आणि सोय आधीच ठरवावी. जादा मासे ओढ्यात, नदीत किंवा सार्वजनिक तलावात सोडू नयेत. गोल्डफिश आपल्या मूळ प्रदेशाबाहेरच्या पाण्यात अनेक ठिकाणी पसरले आहेत, तळ उकरून पाणी गढूळ करतात आणि तेथील माशांचा निवारा व अन्न हिरावून घेतात.

थंडीत साधे गोल्डफिश बर्फाखाली तग धरतात, हे पाहून फॅन्सी माशांना तेच करायला लावू नये. चार अंशांचे पाणी सर्वांत जड असल्याने तळाशी तेवढी ऊब टिकते हे खरे, पण गार पाण्यात तोल गेलेल्या गोल अंगाच्या माशाला पुन्हा सरळ होता येत नाही आणि तो आठवडेच्या आठवडे आडवा पडून राहतो. रात्रीचे पाणी १२–१३ अंशांवर येऊ लागले की मासे आत आणावेत. त्यासाठी घरातील टाकीचे फिल्टर उन्हाळाभर चालू ठेवलेले असावे, नाहीतर ऐनवेळी जिवाणूविरहित टाकीत मासे कोंबण्याची वेळ येते. तळ्यातील पाणी गुडघ्याच्या खाली उतरवावे, वनस्पती एका बाजूला साराव्यात आणि रोज मोजलेल्या माशांच्या आकड्याशी जुळेपर्यंत मासे एकेक करून वाडग्यात घ्यावेत. शेवटचा ब्लॅक मूर बहुतेक वेळा पानांखालीच सापडतो.