चार इंच मातीखालचं दावं

आमच्याकडे कोकणात आंब्याचं कलम लावायचं तर उन्हाळ्यात मीटरभर खोल खड्डा काढून तापू द्यायचा, पालापाचोळा आणि शेणखत-मातीने भरायचा, पाऊस लागला की लावणी. न्यू जर्सीत घर घेतल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात रेड मेपल आणला, तेव्हा तस्साच खड्डा खणला. फोनवर बाबा म्हणाले, "अगं, पानं झडायच्या दिवसांत कसली लावणी?" त्यात ते चुकले. हवा गार, माती अजून उबदार आणि पोसायला पानं नाहीत. झाड निवांत मुळं धरतं. मी चुकले ते खड्ड्यात.

तळाची भुसभुशीत माती हिवाळ्यात बसली आणि झाड खाली गेलं. त्यात नर्सरीतून आलेल्या मुळांच्या गड्ड्यावरच दोन-तीन इंच जादा माती होती, ती मी पाहिलीच नाही. वरून मल्चचा, म्हणजे लाकडाच्या साली-तुकड्यांचा, डोंगर. दोन वर्षं झाड छान दिसलं. तिसऱ्या ऑगस्टात एका बाजूची पानं लाल झाली, तर मी खुळी, फॉल लवकर आला म्हणून फोटो काढत बसले! मास्टर गार्डनर (बागकाम शिकलेले स्वयंसेवक) हेल्पलाइनवरच्या आजींनी एकच विचारलं: खोड जमिनीत शिरताना रुंदावतंय का? नव्हतं. विजेच्या खांबासारखं सरळ घुसलं होतं. चमच्याने उकरत गेले, चार इंचांवर अंगठ्याएवढं मूळ खोडाला दाव्यासारखं आवळून बसलेलं.

म्हणून, विकत घेतानाच गड्ड्यावरची माती बोटाने सारून खोड कुठे रुंदावतं ते बघा. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर करू दे. खड्डा गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गड्ड्याएवढीच, त्याहून इंचभरही जास्त नको. तो रुंदावलेला भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. कंपोस्ट घालू नका, निघालेलीच माती परत भरा. वरची तार, गोणपाट कापून काढा. मल्च दोन-तीन इंच, खोडापासून तीन-चार इंच लांब. तीस सेकंदांच्या व्हिडिओत यातलं काही नसतं; त्यापेक्षा चमचा घ्यायला लावणाऱ्या आजी बऱ्या. हो, आणि खणण्याआधी तीन कामकाजाचे दिवस 811 ला फोन करा, जमिनीखालच्या तारा-पाइप कुठे आहेत ते खुणा करून देतात. फुकट आहे, आळस नको.

मॅग्नोलिया, बर्च, ओक शरदात रुसतात, ते वसंतात लावा. सर्व्हिसबेरी, क्रॅबॲपल बिनधास्त लावा. स्वस्तात मिळाला तरी कॅलरी पेअर नको. तो रानभर पसरतो, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तर 2024 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

कंदांचं एवढं टेन्शन घेऊ नका. माती 55 अंश फॅरनहाइटच्या खाली आली की ट्युलिप सहा ते आठ इंच खोल, टोक वर. उशीर झाला? जमीन गोठेपर्यंत चालतं. मी एकदा नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर हातमोजे घालून लावले, एप्रिलात उगवले. थंडी त्यांना लागतेच. फक्त ट्युलिप म्हणजे हरणांचं सॅलड आणि खारींचा खाऊ. वर बारीक जाळी अंथरा, कुंपण नसेल तर सरळ डॅफोडिल घ्या. ते विषारी, कुणी तोंड लावत नाही.

मेपल अजून उभा आहे. ते मूळ छिन्नीने तोडलं, खोडावर त्याचा वळ राहिलाय. त्या बाजूची एक फांदी गेली. जमीन गोठेपर्यंत दर आठवड्याला त्याला बादलीभर पाणी घालते.