अपील केलंय, पण स्थगिती मागितली का?

मी सातारा जिल्ह्यात दिवाणी कामं चालवते. निकाल विरुद्ध गेला की पक्षकाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, अपील टाकलं की आता घराला कोणी हात लावणार नाही ना?" लावू शकतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१ नियम ५ मध्ये स्पष्ट म्हटलंय की नुसतं अपील दाखल झाल्यानं हुकूमनाम्याची (निकालानुसार निघणाऱ्या न्यायालयाच्या औपचारिक आदेशाची) अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. अपील दाखल होणं आणि स्थगिती मिळणं, या दोहोंच्या मधल्या दिवसांत लोकांची घरं गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

निकाल लागला त्याच दिवशी दोन अर्ज द्या. पहिला नकलेचा, म्हणजे निकालाच्या अधिकृत प्रतीसाठी. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण ते अर्ज दिल्यापासूनचे. अर्जच पंधरा दिवसांनी दिला, तर ते पंधरा दिवस तुमचे गेले. हुकूमनामा तयार व्हायला उशीर होत असेल तर त्यासाठी थांबू नका, निकालपत्राच्या नकलेवर अपील दाखल करता येतं.

दुसरा अर्ज निकाल देणाऱ्या न्यायाधीशांकडेच, अपिलाच्या मुदतीपर्यंत अंमलबजावणी थांबवण्यासाठी. "ज्यांनी विरुद्ध निकाल दिला त्यांच्याकडे काय मागायचं" असं म्हणून बरेच जण हा अर्ज देत नाहीत. अवश्य द्या. नियमातच तशी तरतूद आहे, आणि त्यातून अपील नीट लिहिण्यापुरता वेळ मिळू शकतो.

घाई कशाला, असं कोणी म्हणेल. निकालानंतर दोन वर्षांच्या आत दरखास्त (हुकूमनामा अमलात आणण्यासाठी जिंकलेल्या बाजूचा अर्ज) दाखल झाली, तर न्यायालयानं तुम्हाला आधी नोटीस काढलीच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा कर्मचारी, थेट ताबा वॉरंट घेऊन येऊ शकतो. शिवाय दरखास्ती ६ महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलंय. दरखास्त वर्षानुवर्षं पडून राहील या भरवशावर कोणी बसू नये.

आणि मुदत चुकवू तर अजिबात नका. अपील उशिरा दाखल झालं तर आधी विलंब माफीचा अर्ज चालतो, आणि न्यायालय अपील ऐकायचं ठरवत नाही तोवर स्थगिती देता येत नाही. वॉरंट मात्र चालूच राहतं.

आता मुख्य अर्ज. अपिलासोबतच शपथपत्रासह द्या. न्यायालय तीन गोष्टी बघतं: स्थगिती न दिल्यास तुमचं भरीव नुकसान होईल का, तुम्ही विनाकारण उशीर केलाय का, आणि हुकूमनामा कायम राहिला तर तो पाळण्यासाठी काय तारण देताय. बहुतेक अर्ज पहिल्याच गोष्टीवर कमी पडतात. "अर्जदारांचे कधीही न भरून येणारे नुकसान होईल" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, आणि त्यातून न्यायाधीशांना काहीच कळत नाही. एका वयस्कर पक्षकारांच्या अर्जात आम्ही असं लिहिलं होतं:

"दावा मिळकतीत अर्जदार, त्यांची पत्नी व विधवा सून राहतात. मागील पडवीत सुनेची दोन शिलाई मशीन असून घरखर्च त्यावर चालतो. गावात अर्जदारांचे दुसरे घर नाही, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा सोबत जोडला आहे. ताबा मिळताच जुने बांधकाम पाडणार असल्याचे वादीने उलटतपासात कबूल केले आहे. बांधकाम पाडल्यास अपील मंजूर होऊनही परत देण्यासारखे काही उरणार नाही."

यातल्या प्रत्येक वाक्यामागे एक कागद आहे: उतारा, वीजबिल, फोटो, उलटतपासाची नक्कल. नुकसान असं दिसलं पाहिजे.

तारण काय देणार ते स्वतःहून लिहा. निकाल पैशाचा असेल तर हे फारच महत्त्वाचं. वादातली रक्कम भरा किंवा न्यायालय सांगेल ते तारण द्या, नाहीतर स्थगिती नाही, असं नियमच म्हणतो. म्हणून अपिलाच्या तयारीबरोबरच पैशांची जुळवाजुळव सुरू करा. भाडेकरूंनी एक लक्षात ठेवावं. जागा खाली करण्याच्या निकालाला स्थगिती देताना, जुन्या भाड्यापेक्षा जास्त, वाजवी रक्कम दरमहा भरण्याची अट घालता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात ठरवलंय. समोरची बाजू मोठा आकडा सांगणारच. शेजारच्या गाळ्यांचे भाडेकरार आधीच मिळवून ठेवा, म्हणजे तुमच्याकडेही आधाराचा आकडा असेल.

समोरच्यानं कॅव्हेट ("आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका" असा आगाऊ अर्ज) दाखल केलंय का, ते न्यायालयाच्या फायलिंग विभागात आधीच बघा. असेल तर त्यांना अर्जाची प्रत दिल्याशिवाय आणि ऐकल्याशिवाय आदेश मिळणार नाही. नसेल आणि वॉरंट निघालेलं असेल, तर समोरच्याचं म्हणणं येईपर्यंत अंतरिम स्थगिती मागा. वॉरंटची नक्कल जोडा.

स्थगितीचा आदेश खालच्या न्यायालयाला कळवल्यापासूनच लागू होतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. सकाळी जिल्हा न्यायालयात आदेश झाला आणि दुपारी बेलिफ दारात, अशी वेळ येऊ शकते. त्यावर नियमातच उपाय आहे. अपील करणाऱ्यानं स्वतःच्या माहितीवरून "स्थगितीचा आदेश झाला आहे" असं शपथपत्र खालच्या न्यायालयात दिलं, तर प्रत्यक्ष आदेश पोचेपर्यंत त्या न्यायालयाला त्यानुसार वागावं लागतं. म्हणून सुनावणीच्या दिवशी पक्षकारानं कोर्टात हजर असावं, असा माझा आग्रह असतो. आदेश स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूसच असं शपथपत्र करू शकतो.

दोन ठिकाणी वाट वेगळी आहे. तुमचाच दावा फेटाळला गेला असेल तर थांबवण्यासारखा हुकूमनामाच नसतो, तिथे अपिलात तात्पुरता मनाई हुकूम मागा. आणि शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, म्हणून स्थगितीची नक्कल तहसीलदार आणि भूमी अभिलेख कार्यालयात देऊन पोच घ्या. नाहीतर मोजणी होऊन जाईल.

जिल्हा न्यायालयातही हरलात तर दुसऱ्या अपिलात हेच नियम. साताऱ्यासह सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापूरला सुरू झालंय. अशा तातडीच्या कामाला मुंबई गाठावी लागत नाही, हा फार मोठा दिलासा आहे.

स्थगिती नाकारली गेली आणि ताबा गेला तरी अपील सोडू नका. अपील मंजूर झालं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली ताबा किंवा पैसे परत मागता येतात.

अंतरिम आदेश "पुढील तारखेपर्यंत" असा असेल, तर ती तारीख डायरीत लिहा. न्यायाधीश रजेवर असले तरी जा, प्रभारी न्यायालयाकडे मुदतवाढीचा अर्ज द्या आणि संध्याकाळी रोजनाम्यात (प्रकरणाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) "स्थगिती पुढील तारखेपर्यंत कायम" अशी नोंद झाली का ते वाचून या.