रिओमीटरवर माती लावताना या चुका टाळा

रिओमीटर म्हणजे दोन प्लेटांमध्ये नमुना धरून, एक प्लेट मागे-पुढे फिरवून तो किती ताठ आणि किती प्रवाही आहे हे मोजणारं यंत्र. ते कधी नाही म्हणत नाही. प्लेटखाली काहीही ठेवा, आलेख येतोच. त्यामुळे बहुतेक घोळ यंत्रात नसतो, नमुना भिजवायच्या ट्रेमध्ये असतो.

खार जमिनीची, म्हणजे भरतीच्या पाण्याने खारवलेल्या खाजणातली माती घ्या. चाळली, रिंगमध्ये भरली आणि खालून डिस्टिल्ड वॉटर शोषवलं. शुद्ध पाणी आहे, मग बिघडलं कुठे? तिथेच बिघडलं. खाजणातल्या चिकणमातीच्या कणांवर सोडियम बसलेला असतो. छिद्रांतल्या पाण्यात क्षार भरपूर आहेत तोवर कण एकत्र राहतात. गोडं पाणी शिरलं की क्षार विरळ होतात आणि कण सुटे होतात. पाऊस पडल्यावर खारात गढूळ पाणी तुंबतं, तेच इथे रिंगमध्ये होतं. ट्रेमधलं पाणी गढूळलं तर नमुना फेकून द्या. मोजली जाणार ती खाजणातली माती नव्हे, आपण विस्कटलेली. आधी मातीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोजा, मग त्याच प्रमाणाचं पाणी बनवा. चिमूटभर मीठ टाकून भागवणारे कॅल्शियम विसरतात. नमुना मे महिन्यातला की ऑगस्टमधला, हेही लिहा. क्षार उन्हाळ्यात वर येतात, पावसात धुऊन जातात.

जांभ्याची माती १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून कुटू नका. लोहाच्या ऑक्साइडनी बांधलेले पुंजके वाळून घट्ट होतात, पुन्हा भिजवलं तरी पूर्ववत सुटत नाहीत. ओव्हन फक्त ओलाव्याचं प्रमाण काढायला. चाचणीचा नमुना शेतातल्या ओलाव्यावरच चाळा. दोन प्लेटांमधल्या ४ मिमी गॅपमध्ये २ मिमीचा खडा अर्धी जागा अडवतो, म्हणून खड्याळ मातीला बारीक चाळणी बरी.

आता पावसाळ्याची खास चूक. प्रोग्रॅममध्ये २० अंश लिहिलेलं असतं म्हणून प्लेट २० अंशांवर ठेवतात. जुलैत किनाऱ्यावरच्या हवेचा दवबिंदू त्याहून बराच वर असतो. एसी नसेल तर प्लेटवर दव धरतं, नमुन्याची कड ओली होते आणि जी प्राइम (मातीच्या ताठपणाचा आकडा) विनाकारण घसरतो. प्लेटवर बोट फिरवा, ओलं लागलं तर तापमान दवबिंदूच्या वर न्या आणि ते नोंदवा. उलट एसीच्या झोतात कड सुकते. तिथे झाकण आणि ओला स्पंज.

गुळगुळीत प्लेटवर माती घसरते, खाचांची प्लेट वापरा. शंका असेल तर गॅप बदलून पुन्हा चालवा. आलेख बदलला तर घसरण आहे.

प्लेट टेकताच स्वीप (स्ट्रेन, म्हणजे मातीला दिलेला ताण-बदल, पायरीपायरीने वाढवत नेणारी चाचणी) सुरू करण्याची घाई नको, नॉर्मल फोर्स (प्लेटवरचा उभा दाब) स्थिरावू द्या. ०.०००१ टक्के स्ट्रेनजवळचे वेडेवाकडे बिंदू मातीचे नसून टॉर्कच्या (प्लेट फिरवणाऱ्या पिळाच्या) किमान मर्यादेखालचा गोंगाट असू शकतात. टॅन डेल्टा (प्रवाहीपणा भागिले ताठपणा) १ ओलांडतो तो स्ट्रेन एका नमुन्यावरून सांगू नका, निदान तीन लावा. आणि ०.५ हर्ट्झचा आलेख १ हर्ट्झच्या आलेखाशेजारी ठेवून तुलना करू नका.