बदकाच्या पिल्लाला धाप लागल्यास या चुका टाळा

बदकाचे पिल्लू चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागले, मान ताणू लागले किंवा प्रत्येक श्वासागणिक त्याची शेपटी खालीवर होऊ लागली, की पाळणारा घाबरतो आणि पहिली धाव पाण्याकडे घेतो. धापा टाकणाऱ्या पिल्लाच्या चोचीत ड्रॉपरने पाणी, औषध किंवा पातळ खाद्य सोडणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. पक्ष्यांच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, त्यामुळे असा थेंब पोटाऐवजी सहज श्वासनलिकेत उतरतो आणि साध्या त्रासाचा न्यूमोनिया होऊ शकतो. पिल्लू सावध असेल, तर पाण्याचे भांडे समोर ठेवावे, ते आपले आपण पिईल. मान टाकलेल्या पिल्लाला मात्र घरी काहीही पाजू नये.

दुसरी चूक मायेपोटी होते. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड हलते तेव्हाच हवा आतबाहेर होते. म्हणून छाती आवळून धरलेले पिल्लू आपल्याच मुठीत गुदमरू शकते. उचलणे भागच असेल, तर ते तळहातावर सैल बसवावे आणि छातीभोवती बोटे आवळू नयेत.

प्रत्येक धाप आजाराची नसते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३२ अंश सेल्सिअस ऊब पुरते आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करावी लागते. सगळीच पिल्ले ऊब देणाऱ्या दिव्यापासून दूर जाऊन चोची उघडून बसली असतील, तर तो उष्म्याचा त्रास आहे. दिवा वर घेतला, की थोड्या वेळात श्वास निवतो. याउलट ती दिव्याखाली एकमेकांवर रचून ओरडत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. तापमान न मोजता, आजारी आहे म्हणून दिवा आणखी जवळ आणणे टाळावे. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवावा.

खरी गफलत बहुधा गादीत, म्हणजे पिल्लांखाली अंथरलेल्या पेंढ्यात किंवा तुसात असते. बदके पाणी सांडतात, गादी ओली होते आणि तिच्यात बुरशी धरते. बुरशीचे कण श्वासावाटे आत गेले, की अ‍ॅस्परजिलोसिस होतो, ज्याला ब्रूडर न्यूमोनिया असेही म्हणतात. बुरशीवर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही, म्हणून घरात उरलेल्या गोळ्या अंदाजाने देणे व्यर्थ तर असतेच, शिवाय त्यात मोलाचा वेळही जातो. कुबट वासाचा पेंढा, तूस किंवा खाद्य वापरू नये आणि ओला भाग रोज काढावा. घाण झालेल्या गादीतून सुटणाऱ्या अमोनिया वायूचा वास आपल्याला उभ्याने जाणवेलच असे नाही. गुडघे टेकून नाक पिल्लांच्या पातळीवर न्यावे, आणि तिथे डोळे चुरचुरले, तर गादी त्याच वेळी बदलावी. ऊब टिकावी म्हणून खोके प्लास्टिकने झाकल्यास हाच वायू आत कोंडतो. अगदी बारीक भुसा, डास पळवणाऱ्या कॉइलचा धूर आणि तापलेल्या नॉनस्टिक भांड्यांची वाफ यांपासूनही पिल्लांना दूर ठेवावे. निलगिरीचे तेल किंवा बाम टाकून दिलेली वाफ कोवळ्या श्वसनमार्गाला झोंबते, त्यामुळे ती देऊ नये.

पाण्याचे भांडे उथळ असणे हीदेखील चूकच आहे. नाकपुड्या बुडवून धुता येतील इतके ते खोल हवे, मात्र पिल्लाला आत शिरता येऊ नये, कारण आईवेगळे पिल्लू भिजले, की पटकन गारठते. कोरडे खाद्य असताना पाणी शेजारीच हवे. नाहीतर घास घशात अडकतो.

शांत बसलेले असतानाही पिल्लू झगडून श्वास घेत असेल, चोच फिकट किंवा निळसर दिसत असेल, नाकाडोळ्यांतून स्राव येत असेल, तर वाट पाहू नये. त्याला वेगळ्या, उबदार आणि हवेशीर जागी ठेवून पशुवैद्यकाकडे न्यावे. एकटे पडून ते ओरडत राहिले, तर जवळ आरसा ठेवावा. एकाच वेळी अनेक पिल्ले आजारी पडली किंवा अचानक दगावली, तर बर्ड फ्लूचाही विचार करावा लागतो. अशा वेळी मृत पिल्ले उघड्या हाताने हाताळू नयेत आणि पशुसंवर्धन खात्याला लगेच कळवावे. पशुवैद्यकाकडे निघण्यापूर्वी, पिल्लाला हात लावण्याआधीच त्याच्या श्वासाचे छोटे चित्रीकरण करून घ्यावे, कारण घाबरलेल्या पक्ष्याचा श्वास तपासणीच्या टेबलावर बदललेला दिसतो. वय, खाद्य, गादीचा प्रकार आणि मोजलेले तापमान लिहून सोबत न्यावे.